तेरा तारा आणि वाकडे अंगण

अमेरिकेहून परतलेल्या माणसाने आधी तिथल्या रस्त्यांची रुंदी सांगावी आणि मग दुकानांची लांबी, अशी आपल्याकडे रीत आहे. तेही मी यथाशक्ती सांगेन. पण त्याआधी मला एक जुनी गोष्ट सांगणे भाग आहे, कारण ती वगळली तर पुढचा सारा प्रवास केवळ विमानखर्च ठरेल.

वीस वर्षांपूर्वी पुण्यात आमच्या घरी काही पाहुणे आले होते. माझी मुलगी मेधा तेव्हा अकरा वर्षांची होती आणि माझ्याकडेच सतार शिकत होती. मी महाविद्यालयात संस्कृत शिकवतो. सतार ही माझी हौस आणि परखडपणा ही माझी ख्याती. मेधाने पाहुण्यांपुढे भूप वाजवायला घेतला. दुसऱ्याच ओळीत धैवत उतरलेला लागला. तिने पुन्हा वाजवून पाहिले, पुन्हा तेच. ती गोंधळून म्हणाली, "बाबा, मी बरोबर पडद्यावरच बोट ठेवलंय."

मी पाहुण्यांकडे वळून म्हणालो, "ऐकलंत? नाचता येईना, अंगण वाकडे! मेधा, वाद्याला दोष द्यायचा नसतो. तुझ्या कानातच सूर नाही."

पाहुणे हसले. ते गेल्यावर सतारीला गवसणी घालताना माझ्या ध्यानात आले की सकाळी गुणकली वाजवण्यासाठी मी रिषभ आणि धैवत यांचे पडदे सरकवून ते स्वर कोमल करून घेतले होते. रिषभाचा पडदा मी परत जागेवर आणला होता. धैवताचा विसरलो होतो. मुलीचे बोट बरोबर होते. अंगण खरोखरच वाकडे होते, आणि ते मी केले होते. मी पडदा सरळ केला, गवसणीची नाडी बांधली आणि कोणाजवळ एक अक्षर बोललो नाही. मेधाने त्यानंतर सतारीला हात लावला नाही.

पार्सिपनी

मेधा आता न्यू जर्सीतल्या पार्सिपनी या गावी राहते आणि एका विमा कंपनीत संगणकाचे काम करते. तिचा नवरा सतीश नागपूरचा, तोही संगणकातलाच. नव्वदीचे दशक निम्मे सरले असताना, साठवलेली रजा घेऊन, मी एक उन्हाळा त्यांच्याकडे काढला. माझी पत्नी शाळेत मुख्याध्यापिका असल्याने तिला निघता आले नाही. म्हणजे मला आवरणारे कोणी बरोबर नव्हते.

पहिल्या आठवड्यातच मी अमेरिकेचा निकाल लावून टाकला. घरात दारापासून न्हाणीघराच्या उंबऱ्यापर्यंत गालिचा; जणू कोणाचे लग्न ठरले आहे आणि ते होतच नाही. सतीश हा डॉक्टरेट मिळवलेला गृहस्थ. शनिवारी सकाळी तो गर्जणारे यंत्र ढकलत दारापुढचे गवत कापतो आणि पिशव्यांत भरून फेकून देतो. गाय नाही, म्हैस नाही, गवत मात्र हवेच. शेजारी "हाऊ आर यू" विचारतो आणि उत्तर यायच्या आत गाडीत बसतो. मी एकदा त्याला माझ्या गुडघ्याविषयी सविस्तर सांगायला घेतले, तेव्हापासून तो मला लांबूनच हात हलवू लागला.

एका दुपारी मी आमटीला फोडणी दिली तर छताला लावलेले धूर हुंगणारे एक पांढरे यंत्र असे काही किंचाळू लागले की मी पळी हातात घेऊनच अंगणात आलो. आत सतीश खुर्चीवर चढून वर्तमानपत्राने त्या यंत्राला वारा घालत होता.

"बाबा, आधी एक्झॉस्ट ऑन करायचा, मग विंडो उघडायची, मग मोहरी."

"ज्या देशाला मोहरीची भीती वाटते," मी म्हणालो, "तो जगावर राज्य कसे करतो?"

तिथल्या मराठी मंडळींनाही मी सोडले नाही. मेधाच्या ओळखीच्या देशमुखकाकू म्हणून आहेत. तिथे स्थायिक होऊन त्यांना बराच काळ लोटला. त्यांनी आम्हाला जेवायला बोलावले. चिवडा न्याहारीच्या फुगीर तांदळाचा, गुलाबजाम पॅनकेकच्या पिठाचे आणि श्रीखंड सावर क्रीम नावाच्या आंबट सायीचे. मी प्रत्येक पदार्थाचा एकेक घास घेऊन गंभीरपणे मान हलवत होतो.

काकूंनी शेवटी हातातला डाव खाली ठेवला. "सर, तुम्ही चव घेताय की पेपर तपासताय?"

सगळे हसले. मेधा हसली नाही. ती माझ्या चेहऱ्याकडे पाहत होती, आणि तिच्या पाहण्यात एक जुनी सावधगिरी होती. तेव्हा मी ती पाहिली, आणि आणखी श्रीखंड वाढून घेतले.

चर्चचे तळघर

शनिवारी दुपारी मेधा म्हणाली, "बाबा, माझा क्लास असतो. घरी एकटे बसण्यापेक्षा चला. कोतो शिकतेय मी. जपानी वाद्य आहे. दोनतीन महिनेच झालेत, हसू नका."

हसण्याचा माझा विचार नव्हता. तुच्छ मानण्याचा होता. जपानी वाद्य, अमेरिकन चर्चच्या तळघरात, पुण्याच्या मुलीने शिकायचे! मी मनात बांबूची वने, रेशमी किमोनो आणि धूप असा देखावा मांडून ठेवला, म्हणजे त्याची टिंगल करता येईल. तळघरात पाहिले तर घडीच्या लोखंडी खुर्च्या, कॉफीचा वास आणि भिंतीवर लहान मुलांनी रंगवलेली नोहाची नौका. शिकवणाऱ्या मोरिताबाई साठीच्या होत्या; विद्यार्थी त्यांना 'सेन्सेई', म्हणजे गुरुजी, म्हणत. नवऱ्याच्या नोकरीमागे या देशात आल्या आणि तो गेल्यावर इथेच राहिल्या. अंगात करडे स्वेटर, हातात बादलीएवढा कागदी पेला. माझी टिंगल वाया गेली, याचा मला थोडा रागच आला.

कोतो म्हणजे पुरुषभर लांबीची, वरच्या बाजूने किंचित फुगलेली लाकडी पेटी. तिच्यावर तेरा तारा, आणि प्रत्येक तारेखाली तिची स्वतंत्र घोडी. घोडी सरकवली की तारेचा सूर बदलतो. उजव्या हाताच्या तीन बोटांत नखी घालायची आणि वाजवायचे. पडदे नाहीत.

मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर प्रेक्षकाच्या तोऱ्यात बसलो. मोरिताबाई माझ्याजवळ आल्या.

"इथे नुसते ऐकत बसत नाहीत," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "शिका, किंवा बाहेर बसा. बाहेर बाक आहे."

"मी स्वतः सतार वाजवतो," मी नम्रपणे सांगितले. माझा नम्रपणा हा माझा सर्वांत पॉलिश केलेला दुर्गुण आहे.

"छान," त्या म्हणाल्या, आणि माझ्या हातात तीन नख्या ठेवल्या.

तारा छेडताच मी मेधाला म्हणालो, "ही तर आपली गुणकली! सा, कोमल रे, म, प, कोमल ध. आपल्याकडून गेलेली दिसते. लंगडत पोहोचली." मोरिताबाईंना मी तेच इंग्रजीत सौम्य करून सांगितले.

"तुमच्याकडे आहे? मग लवकर येईल," त्या म्हणाल्या.

ती लवकर आली नाही. सतारीत सारा कारभार तर्जनीचा. कोतोत मुख्य काम अंगठ्याचे, आणि माझा अंगठा आयुष्यभर दुसऱ्याला दाखवण्यापुरताच वापरलेला. मी तर्जनीने तार छेडून हात ऐटीत वर उचलत असे. मोरिताबाई म्हणत, "अंगठा. आणि पळू नका. पुढच्या तारेवर टेकून थांबा." त्या काही समजावून सांगत नसत. समोर बसून आपल्या कोतोवर तेच वाजवत आणि तोंडाने बोल म्हणत, 'तोन्, तेन्, शान्, कोरोरिन्', आपल्या दा-रा-दिर-दिरसारखे. मग म्हणत, "पुन्हा."

शेजारी कॅरल नावाची एक निवृत्त ग्रंथपाल बसे. ती प्रत्येक सुरानंतर, स्वतःच्याही, "ब्यूटिफुल" म्हणे. तिचा अंगठा माझ्यापेक्षा बरा चालतो, हे कळायला मला दोन शनिवार लागले आणि कबूल करायला हा लेख.

तिसऱ्या शनिवारी मी डाव्या हाताने तार दाबून एक मींड घेतली. मोरिताबाईंनी तारेवर तळहात ठेवला. आवाज मेला.

"आमच्या देशात," मी म्हणालो, "याला संगीताचा आत्मा मानतात."

"तुमच्या देशात," त्यांनी विचारले, "पहिल्या महिन्यात?"

मला आठवले, की माझ्या गुरूंनी मला वर्षभर सरळ सूरच वाजवायला लावले होते. मी अंगठा तारेवर टेकला.

आयसेलिन

एका रविवारी मेधा मला आयसेलिनला घेऊन गेली. तिथे एका लांब रस्त्यावर आपली सगळी दुकाने आहेत: साड्या, दागिने, हिंदी कॅसेट, हिंग, झाडू. देश सोडून गेलेल्या माणसांनी देशातला नेमका गोंगाट तेवढा बरोबर नेलेला दिसला. एका दुकानात मी जिलबी खाल्ली आणि दुकानदाराला तिच्यातल्या उणिवा सांगितल्या. तो म्हणाला, "अंकल, पुण्याचे का?" मी विचारले, कसे ओळखलेत? तो मागचे गिऱ्हाईक पाहू लागला.

परतताना मेधा गाडी चालवत होती. मी विचारले, "इतकी वाद्ये सोडून हेच का निवडलेस?"

ती आरशात पाहत लेन बदलत म्हणाली, "कारण यात सूर आधीच लावून देतात, बाबा. सेन्सेई सगळ्या घोड्या बसवून देतात. मी फक्त अंगठा चालवायचा. मला सूर नाही हे मला माहीतच आहे ना. इथे बेसूर व्हायची सोयच नाही." आणि ती हसली. "खरंच, इतकं सेफ वाटतं! आता तर क्लासच्या प्रोग्रॅममध्ये दुसरा पीस विद्यार्थ्यांपैकी मी एकटीच वाजवणार आहे. सेन्सेईंबरोबर, त्यांच्या समोर बसून. बुधवारी ऑफिसनंतर जाते ना, ते त्यासाठीच. देशमुखकाकूंना पण बोलावलंय."

ती एकतीस वर्षांची बाई, स्वतःचे घर असलेली, ताशी साठ मैलांनी गाडी हाकणारी. आणि मी एका संध्याकाळी तिच्या कानात घातलेली गोष्ट ती अजून खरी मानून तिच्याभोवती रस्ते शोधत होती. सांगायला याहून योग्य क्षण आला नसता. गाडीत तिसरे माणूस नव्हते. माझ्या तोंडात शब्दही आले होते.

मी म्हणालो, "तुझी वळायची पाटी मागे गेली बहुधा."

"नाही बाबा," ती म्हणाली. "पुढे आहे."

पुढेच होती.

कार्यक्रम

मोरिताबाईंच्या वर्गाचा वार्षिक कार्यक्रम त्याच चर्चच्या वरच्या दालनात झाला. पन्नासेक माणसे होती. देशमुखकाकू दुसऱ्या रांगेत, मांडीवर चिवड्याचा डबा घेऊन. पहिली रचना आम्ही सर्वांनी मिळून वाजवली. मी दोनदा चुकलो. कोणाला कळले नाही, म्हणजे मोरिताबाईंखेरीज कोणाला नाही.

मग मध्यंतर झाले. लोक कॉफीकडे गेले. मंचावर आता दोनच वाद्ये उरली होती, समोरासमोर मांडलेली: एक मेधाचे, एक मोरिताबाईंचे. मी खुर्च्या हलवायला म्हणून मागे थांबलो होतो. जाता जाता सवयीने मेधाच्या वाद्याच्या तारा हलकेच छेडल्या, आणि दचकलो. पंचम उतरलेला होता! धैवत चढलेला!

ज्यांना संगीताची सवय नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या पद्धतीत षड्ज आणि पंचम हे अचल स्वर. बाकीचे स्वर कोमल होतील, तीव्र होतील. हे दोघे जागा सोडत नाहीत. सोडली तर आमच्या लेखी घराचा वासाच फिरला. पंचम ढळलेला ऐकून मी स्वस्थ बसणे शक्यच नव्हते. मला वाटले, वाद्य हलवताना कोणाचा तरी धक्का लागला असणार. कॅरलचाच, अशी माझी खात्री होती. एकाच वेळी पाच घोड्या अशा शिस्तीत का सरकल्या असतील, असा प्रश्न सावध माणसाला पडला असता. समोरच्या वाद्याची एक तार छेडली असती तरी उलगडा झाला असता. पण दुसऱ्याच्या करण्यामागे काही कारण असू शकते, असे गृहीत धरण्याची सवय मी कधी लावून घेतली नाही. मी पंचमाच्या तीन घोड्या उजवीकडे सरकवल्या, धैवताच्या दोन डावीकडे. गुणकली पुन्हा स्वच्छ लागली. मेधासाठी मी काहीतरी चांगले केले, या समाधानात मी पहिल्या रांगेत जाऊन बसलो. वीस वर्षांचे देणे असे परस्पर फिटले, असेही क्षणभर मनात आले. हे लिहिताना लाज वाटते.

मेधा आली. तिने मरून रंगाची साडी नेसली होती. दोघींनी एकमेकींना वाकून अभिवादन केले आणि वाजवायला सुरुवात केली.

दुसऱ्याच ओळीत दोन वाद्यांचे सूर एकमेकांवर आदळले. मोरिताबाईंच्या वाद्यातून तोच 'उतरलेला' पंचम निघत होता, ठाम आणि शांत. आणि तेव्हा मला उमगले. काहीही उतरलेले नव्हते. या रचनेसाठी षड्जच बदलला होता. मध्यमाला षड्ज मानले की सारे स्वर जागच्या जागी बसत होते. पुन्हा तीच गुणकली, फक्त दुसऱ्या घरात राहायला गेलेली. मोरिताबाईंनी मध्यंतर होताच दोन्ही वाद्यांच्या घोड्या त्यासाठी बदलून ठेवल्या होत्या. आणि मी मेधाच्या वाद्याच्या घोड्या, माझ्या अचल पंचमासाठी, परत फिरवल्या होत्या.

मेधा थांबली. मान हलवून तिने पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा तेच. तिचा अंगठा अगदी बरोबर तारेवर पडत होता. मी तो पाहत होतो, पुढच्या तारेवर टेकून थांबणारा तो शिकाऊ, प्रामाणिक अंगठा. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. अकराव्या वर्षीही अशाच झाल्या होत्या. तिने हात मांडीवर घेतले.

"सॉरी," ती सर्वांना इंग्रजीत म्हणाली. "माझी चूक झाली."

दुसऱ्या रांगेतून देशमुखकाकूंनी मराठीत धीर दिला, "असू दे गं मेधा! ते वाद्यच बिघडलं असेल."

मेधा हसली. डोळे भरलेले, तरी हसली. "नाही हो काकू. नाचता येईना, अंगण वाकडं, असं नको. वाद्याला दोष द्यायचा नसतो."

माझे वाक्य. एकही शब्द न बदलता, वीस वर्षे सांभाळलेले.

मोरिताबाईंनी तिच्या वाद्यावरून एकवार नजर फिरवली. पाच घोड्या त्यांना दिसल्या असणारच. त्यांनी इकडेतिकडे कोणाकडे पाहिले नाही. त्या उठल्या, मंचाच्या पुढे आल्या आणि लोकांपुढे कमरेत वाकल्या.

"वाद्य लावणे हे शिक्षकाचे काम आहे," त्या म्हणाल्या. "विद्यार्थिनीची चूक नाही. चूक माझी आहे. मला क्षमा करा."

आमच्याकडे गुरूची चूक शिष्याच्या नावावर जमा होते आणि शिष्य तिला प्रसाद समजतो. मी तीच प्रथा चालवली होती. इथे एक बाई न केलेल्या चुकीसाठी परक्या लोकांपुढे वाकून उभी होती, आणि दुसरी आधीच क्षमा मागून बसली होती. माझी चूक दोघींनी वाटून घेतली होती. माझ्या वाट्याला फक्त पहिल्या रांगेतली खुर्ची उरली होती. मोरिताबाई घोड्या परत बसवायला वाकल्या. अजूनही मी गप्प राहिलो असतो तर चालले असते. कोणालाच कळले नसते. गप्प कसे राहायचे ते मला उत्तम येत होते.

मी उठलो. गुडघ्याने नेहमीची तक्रार केली. मंचाच्या पायरीजवळ जाऊन मी आधी इंग्रजीत सांगितले की घोड्या मी हलवल्या, न विचारता हलवल्या. आणि मोरिताबाईंपुढे, जमेल तितका, त्यांच्यासारखा वाकलो. त्यांनी मान तुकवली आणि काम चालू ठेवले.

मग मी मेधाकडे वळलो. मला वाक्ये रचून बोलायची सवय. त्या वेळी एकही रचलेले सुचले नाही. आवाज मात्र मी मुद्दाम मोठा ठेवला, दुसऱ्या रांगेपर्यंत जाईल इतका, कारण त्या संध्याकाळीही पाहुण्यांना ऐकू जाईल असाच मी बोललो होतो.

"मेधा, अंगण वाकडंच होतं. आजचंही, आणि पुण्याच्या घरातलंही. तू भूप वाजवलास त्या दिवशी सकाळी मी गुणकलीसाठी धैवताचा पडदा सरकवला होता आणि परत लावायला विसरलो होतो. तू सांगत होतीस, बरोबर पडद्यावरच बोट आहे म्हणून. होतं. पाहुणे गेल्यावर लगेच कळलं मला, आणि मी गप्प बसलो, आजपर्यंत. तुझ्या कानात सूर होता, बाळा. तुला तो चुकलेला कळला, म्हणून तर तू थांबलीस. त्या दिवशीही आणि आत्ताही. माझं चुकलं. मला क्षमा कर."